मार्गारेटचा पोचा

हम्मादनं मापाचा लाकडी फर्मा जेनिसच्या गाडीच्या मागच्या उजव्या दारावर टेकवला. बाकी सगळीकडे तो अगदी चिकटून बसला, पण दाराच्या मधोमध हम्मादची दोन बोटं आत सहज गेली. त्यानं ती बाहेर काढली, पुन्हा घातली आणि मान हलवली.

"कंपनीच्या गाडीला इथे खळगा नसतो," तो म्हणाला. हम्माद रेसचा तपासनीस, इथला अबुधाबीचाच, आणि त्याची हिंदी आपल्याकडच्या कितीतरी लोकांपेक्षा बरी होती.

शेजारच्या टीमच्या मॅनेजरला हेच हवं होतं. सकाळी तपासणीत गाड्यांचं नाक आणि छप्पर मोजलं, तेव्हा हा गृहस्थ निवांत कॉफी पीत होता. जेनिस पहिली आली आणि मग त्याला तिचं दार दिसलं. खळग्यामुळे हवा कापली जाते, म्हणून गाडी पळाली, असं त्याचं म्हणणं. नियम साधा होता. आतून गाडीत काय वाटेल ते बदला, बाहेरून मात्र ती रस्त्यावरच्या गाडीसारखीच दिसली पाहिजे. नाही दिसली तर पहिला नंबर गेला. तिकडे स्टँडसमोरच्या टेबलावर जिंकणाऱ्याचा कप उन्हात तापत पडला होता.

दोरीपलीकडे जेनिसची आई, मार्गारेट, उभी होती. ऑफिस सुटलं की मुसफ्फातलं गॅरेज, सुट्टी असली की मुसफ्फा, असं करत तिच्या पोरीनं ही गाडी उभी केली होती. मार्गारेटनं मात्र तिची कायम चेष्टाच केली. दारं उघडत नाहीत, खिडकीतून आत शिरायचं, आणि पुढचे दिवे तर चक्क स्टिकर! "यात माझ्या गाडीचं काय आहे गं?" असं ती विचारायची. कारण बाहेरचा सांगाडा बनवायला मार्गारेटचीच पांढरी गाडी खैरुद्दीनच्या गॅरेजमध्ये नेली होती आणि तिच्यावरूनच फायबरचा साचा उचलला होता. खैरुद्दीननं जे दिसलं ते उचललं, पोच्यासकट. जेनिसच्या ते लक्षात आलं तेव्हा वरचा पांढरा रंगसुद्धा वाळला होता.

पोचा मार्गारेटचा. लायसन्स हातात पडलं त्याच आठवड्यात, अबुधाबीतल्या एका बेसमेंटमध्ये. खांब मधे आला, असं ती म्हणते. तेव्हापासून ती गाडी लावायला लागली की तिचा नवरा आर्थर शेजारून म्हणतो, "खांब, मार्गारेट, खांब." चर्चच्या मोकळ्या मैदानातसुद्धा म्हणतो, जिथे औषधाला एक खांब नाही.

"सॉरी ममा," जेनिस दोरीजवळ येऊन पुटपुटली. "आय शुड हॅव फिल्ड इट." हेल्मेट काखेत, डोळे भरलेले.

मार्गारेटनं आर्थरपुढे हात केला. "चावी दे."

"अगं, उगाच मधे पडू नकोस. त्यांचे रूल्स असतात."

"चावी."

आपली गाडी घेऊन ती थेट तपासणीच्या शेडमध्ये शिरली. शेडच्या तोंडाशी दोन खांब होते. ती त्यांच्या मधून नीट आत आली आणि जेनिसच्या गाडीच्या पुढे, दोन्ही गाड्यांची उजवी दारं एका बाजूला येतील अशी तिनं ती उभी केली.

"साहब," ती हिंदीत म्हणाली, "ही रस्त्यावरची गाडी. बघून घ्या."

हम्मादनं फर्मा लावला. दोन बोटं आत गेली. मग त्यानं जेनिसच्या दारावर कागद दाबून पेन्सिलनं खळग्याची कड उमटवून घेतली आणि तोच कागद मार्गारेटच्या दारावर धरला. कडेवर कड बसली. खांबाचा ओरखडासुद्धा जागच्या जागी होता.

"पण हा तर ॲक्सिडेंट आहे!" मॅनेजर म्हणाला.

"ॲक्सिडेंट नाही. खांब मधे आला होता."

हम्मादला हसू आवरेना. त्यानं हात पुढे केला. "मुल्किया?"

तिनं गाडीचं नोंदणीचं कार्ड दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "दर वर्षी पासिंगला जाते?"

"जाते की. पोच्यासकट पास होते."

हम्मादनं कार्ड तिला परत दिलं आणि मॅनेजरकडे वळला. "नियमात रस्त्यावरची गाडी लिहिलंय, हबीबी. शोरूममधली नाही. खलास."

जेनिस किंचाळतच आईच्या गळ्यात पडली. मार्गारेटला इतका आनंद झाला होता की त्याचं काय करावं हेच तिला कळेना. ती पोरीच्या पाठीवर नुसती थापट्या मारत राहिली.

आता कप घ्यायला गाडी स्टँडसमोर न्यायची होती, पण जेनिसला खिडकीतून आत शिरायला वेळ लागणार होता आणि मार्गारेटची गाडी वाटेत होती. म्हणून आधी तिनं आपली काढली. आर्थर शेजारी येऊन बसला. दोन खांबांपाशी तिनं मुद्दाम गाडी हळू केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बोल ना," ती म्हणाली.

आर्थरनं सीटबेल्ट लावला.

पुढे गेटवरच्या मार्शलला वॉकीटॉकीवर एवढंच कळलं होतं की पांढरी गाडी, मागच्या उजव्या दाराला पोचा, पहिला नंबर. त्यानं दार पाहिलं आणि झेंडा स्टँडच्या दिशेनं फिरवला.

"यल्ला, यल्ला!"

स्टँडमधली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली.

"पार्किंग डावीकडे आहे," आर्थर म्हणाला.

मार्गारेट सरळ गेली. कपाच्या टेबलासमोर येऊन तिनं गाडी थांबवली आणि भर उन्हात आपले खरे दिवे लावले.