शेजारची खुर्ची

सांगितलं तर कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण मार्दोशेला बास्केटबॉलच्या पहिल्या निवड चाचणीत उतरवला तो मी.

परदेशी क्लबात पहिला हंगाम खेळून तो आज किन्शासात परततोय, आणि त्याच्या घरच्या स्वागताच्या जेवणात मातेते वस्तीतला प्रत्येक फुकट्या त्याच्या शेजारच्या मानाच्या खुर्चीवर टपलाय. पास्टर म्हणतो, पोराची उंची माझ्या प्रार्थनेनं वाढली. म्हणे प्रार्थनेनं! मग स्वतः का असा बुटका राहिला? मास्तर म्हणतो, उडी मी शिकवली. त्याला बाकावरून उठवायला दोन माणसं लागतात.

मी मात्र पुरावा पायात घालूनच आलो होतो. सगळ्यांदेखत म्हणालो, "पोरगं अनवाणी आलेलं, बुटांशिवाय मैदानात घेईनात. हे माझे पॅरिसचे, मगरीच्या कातड्याचे बूट काढून दिले. दिवसभर नाचला यात!" आणि ऐटीत खुर्चीत बसलो.

मार्दोशेची आई मासे तळता तळता ओरडली,

"उठा, पापा मुकेंडी, थापा पुरे! साचलेल्या पाण्यातून जाताना जे बूट तुम्ही डोक्यावर घेऊन चालता, ते माझ्या पोराच्या पायात घातलेत होय?"