पदकावरचा मळ

"आत्या, नुसता मळ साचलाय. चिंच लावून घासलं की लखलखेल," भाचा म्हणाला. पणजोबांचं लढाईतलं पदक उद्या गावच्या स्मारकात मांडायचं होतं.

हौसाआत्यानं पदक हिसकावून घेतलं. "मळ नाही, कुंकू आहे ते! आजा लढाईत पडला, तेव्हा बायकांनी आजीचं कपाळ पुसलं. पुढं हे पदक घरी आलं, तशी ती रोज यावर मेण लावून कुंकू रेखायची. मरेपर्यंत. कुणाची टाप होती पुसायची? मांडायचं तर असंच मांड."

आत्यानं करंडा उघडून पदकाला ताज्या कुंकवाचं बोट लावलं. नवरा गेल्यापासून तिचं स्वतःचं कपाळ कोरं होतं. बोटावर उरलेलं कुंकू तिनं तिथं टेकवलं.

"उद्या मीही येणार," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसणार. अशीच."