सिस्टरवरचा आळ

कमरेखाली सुन्न होऊन मी टेबलावर पडलो होतो आणि डॉक्टरीणबाई सिस्टरवर तडकल्या होत्या. “दुर्बिणीच्या निळ्या लाइटमध्ये काहीच चमकत नाही! लघवीच्या पिशवीत औषध घातलं होतं ना?”

“घातलं, मॅडम. तासभर दाबून धरा, असं काकांना बजावलं पण होतं.” सिस्टर रडवेली झाली.

बजावलं होतं, खरंय. साध्या लाइटमध्ये लपलेला कॅन्सर त्या औषधानं गुलाबी चमकतो, असंही समजावलं होतं. पण दहा मिनिटांतच दम निघेना, मी गुपचूप मोकळा झालो. तिनं विचारलं तर मिशीवर हात फिरवला, “पंचवीस वर्षं ट्रक हाकलाय पोरी, तासाचं काय घेऊन बसलीस!”

“मग कॅन्सर नाही, असं लिहू?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला तेच हवं होतं. पण सिस्टरचे भरलेले डोळे बघवेनात.

“तिला बोलू नका, मॅडम. मीच आधी मुतून आलो.”

आठवड्यानं पुन्हा औषध घातलं, तासभर दात आवळून पडलो. पडद्यावर दोन गुलाबी ठिपके चमकले, डॉक्टरीणबाईंनी खरवडून काढले. सिस्टरनं नुसता माझा घाम पुसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.