खालच्या टोकाचं पाणी

"आधी वरच्यांचा ऊस भिजेल, उरलं तर खाली सोडू. कबूल असेल त्यांनी हात वर करा," कालव्याच्या पाणीवाटप समितीचे अध्यक्ष म्हणाले.

खालच्या टोकाच्या शेतकऱ्यांतर्फे गोदाक्का आणि सोपान आले होते, विरोध करायचं ठरवूनच. पण सोपाननं हात वर केला.

"मला वेगळा पाइप देतायत, अक्का," तो पुटपुटला. गोदाक्का बाहेर जाऊन थुंकली.

चैत्रात कालवाच बंद झाला. गोदाक्काच्या विहिरीवर सगळी वस्ती पाणी भरू लागली. एका सकाळी सोपान रिकामी घागर घेऊन आला, तशा बायकांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या.

"अक्का, मला..."

"रांगेत उभा राहा," त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली. "इथं सगळ्यांना सारखंच मिळतं. तुझ्यासारख्यालासुद्धा."