कोरी जमीन

"योगिनी, तुझ्या आजीला म्हणावं, पुढचा दगड हालतोय."

ज्योतीराम हे बोलले तेव्हा अंबूबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांना ऐकू आलं होतं. तरी योगिनीनं निरोप पोचवेपर्यंत त्या थांबल्या आणि मगच पाय दुसरीकडे टाकला.

दीर-भावजयीचं हे असं कैक वर्षं चाललं होतं. निघोजे गावातली त्यांची सगळी शेती कंपन्यांखाली गेली. रस्त्याकडेचा एक तुकडा तेवढा उरला आणि त्याच्यावरूनच दोन्ही घरं कोर्टात गेली. अंबूबाईंचे यजमान लक्ष्मणराव वारले, तेव्हा सख्खा धाकटा भाऊ असून ज्योतीराम मातीला लांबूनच उभे राहिले. नात योगिनी मात्र दोघांचीही लाडकी. नोकरीला लागल्यावर तिनं दोघांनाही परदेश दाखवायचं ठरवलं, पण दुसरंही येतंय हे विमानतळावर पोचेपर्यंत दोघांनाही कळू दिलं नाही.

आता तिघं महासागरातल्या एका बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावरच्या पायवाटेनं एका वाटाड्यामागून समुद्राकडे चालले होते. झाड नाही, गवत नाही, पाखरू नाही. काळा खडक दोरखंडासारखा वळ्या पडून थिजलेला. बुटाच्या तळव्यातून ऊब लागत होती. वाट एका उंचवट्याला वळसा घालून पुढे आली आणि सगळेच थबकले.

डोंगराच्या कुशीतून लाल रस वाहत होता. काकवीसारखा दाट, संथ. कड्यावरून तो समुद्रात उतरायचा आणि समुद्र पांढरी वाफ आभाळात फेकायचा. त्याचा आवाज थेट पोटात घुमत होता. वाफ जरा बाजूला झाली की दिसायचं, मघाशी लाट होती तिथं आता काळा, धुमसता खडक.

अंबूबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

वाटाड्या काहीतरी बोलला. योगिनीनं सांगितलं, "आजी, आपण उभे आहोत ना, तिथं मागच्या दिवाळीला समुद्र होता."

ज्योतीराम खाली वाकले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी खडकावर पंजा ठेवला.

"कुणाच्या नावावर हाय ही?"

योगिनीनं वाटाड्याला विचारलं. तो हसला. "अजून कुणाच्याच नाही म्हणतोय," ती म्हणाली.

मग ज्योतीरामांनी मान वर केली. योगिनीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा पायजे व्हता हे बघाया."

अंबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या एका सपाट खडकावर टेकल्या, थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा, भावजी."

समोर लाल रस उतरत राहिला, लाट मागे सरत राहिली. ऊन कललं, तसा वाटाड्या परतायची खूण करू लागला.

"आजी, अण्णा, चला आता," योगिनी म्हणाली. "वाट अवघड आहे."

अंबूबाईंनी समुद्रावरची नजर काढली नाही.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "आमी दोघांनी जमीन जाताना बघितलीया. येताना बघू दे."