नऊ चारचा मेल

राजकुमारचा दात फरशीवर पडला होता. बघायचं नाही असं ठरवूनही सुदर्शन त्याच्याकडंच बघत होता.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला लागून असलेलं भंगाराचं पत्र्याचं गोदाम. भर दुपारची वेळ. वाळूजच्या कंपनीतला शिफ्ट मॅनेजर राजकुमार लोखंडी खुर्चीला बैलाच्या दाव्यानं बांधलेला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नको त्या बाजूला वळली होती. शर्टावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

समोर सांडू उभा होता, हातात दोन फुटी पान्हा घेऊन. पान्हा त्याच्या धाकट्या भावाचा, माऊलीचा. मंगळवारी कंपनीतल्या चार नंबरच्या प्रेस मशीननं माऊलीला छातीपर्यंत चेपलं. बाहेर काढायला पाऊण तास लागला, आणि जे निघालं ते आईला कुणी दाखवलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. सांडूचं सगळंच जळालं होतं.

"बसा साहेब," असं म्हणत त्यानं सुदर्शनची कॉलर धरली आणि त्याला ड्रमवर आदळलं. "कंपनीच्या मेलचं समदं तुमच्याकडं हाय म्हणं."

"व्हय. डोमेन, होस्टिंग, सगळं मीच बघतो."

"मग ऐका. सेफ्टीचे अभय सर म्हणतात, मंगळवारी नऊ वाजून चार मिनिटांनी त्यांनी ह्याला मेल टाकला. चार नंबर बंद ठेवा, सेन्सर गेलाय. ह्यो म्हणतो, मेल आलाच नाय. कंपनीचा तर नियमच हाय, तोंडी काय नाय, फोन नाय, समदं मेलवर. साडेनवाला माऊली गेला. आता कुणाचं खरं, ते तुम्ही सांगायचं."

"नाय आला, सांडू," राजकुमार फुटक्या ओठांतून म्हणाला. "आला असता तर मी मशीन चालू दिली असती का?"

सांडूनं वळूनही बघितलं नाही. पान्हा पत्र्याच्या भिंतीवर असा हाणला, की सगळं गोदाम दणाणलं.

"उघडून बघा साहेब. चूक माणसाकडून होती, ती मला कळती. खरं बोलणाराला ह्यो हात लागणार नाय, माऊलीची आण. पण खोटं बोललात तर..." त्यानं पान्हा सुदर्शनच्या गुडघ्यावर अलगद टेकवला. पुढचं बोलायची गरजच नव्हती.

सुदर्शननं बॅगेतून लॅपटॉप काढला. नेट माऊलीच्या मुलीनं, तनुजानं, तिच्या मोबाइलवरून दिलं. पोरगी बीसीएला होती. कोपऱ्यातल्या टायरवर ती बसली होती, आणि तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. बापाच्या मयताचा दाखला असावा, असं सुदर्शनला वाटलं. तिच्याकडं बघवेना.

"सोमवारी तुम्ही कायतरी बदललं म्हणं?" सांडूनं विचारलं.

"कंपनीच्या नावानं खोटे मेल फिरत होते. कुणीही उठायचं आणि आपलं नाव लावायचं. म्हणून यादी केली. कंपनीच्या नावानं मेल धाडायचा हक्क कोणत्या सर्व्हरला, ते लिहून टाकलं. यादीत नसंल त्याला दारातूनच माघारी लावायचं."

"लई चांगलं केलं."

स्क्रीनवर मंगळवारची नोंद उघडली. सुदर्शन एकेक ओळ खाली सरकवत गेला. नऊ चारपाशी त्याचं बोट थांबलं. ती ओळ त्यानं दोनदा वाचली. घरी बायको, रूपा, जेवायची थांबली असेल, असं मधेच त्याच्या मनात आलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आपण इथं ओल्यातले, असं तो स्वतःला बजावत होता.

राजकुमारच्या खुर्चीपाशी पाण्याचा तांब्या होता. सुदर्शननं तो मागितला. सांडूनं स्वतः उचलून दिला. अर्धा रिकामा होता.

"आला होता," सुदर्शन म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "नऊ वाजून चार मिनिटांनी. आणि नऊ सहाला ह्यांनी उघडून वाचलाय."

राजकुमारच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला. मान छातीवर पडली.

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर."

"अजून एकदा इचार करा साहेब. घाई नाय."

"आला होता. मी कशाला खोटं बोलू?"

सांडूनं मान हलवली. पान्हा खांद्यावर उचलून तो खुर्चीकडं निघाला. सुदर्शननं डोळे गच्च मिटले आणि हाड मोडल्याचा आवाज यायची वाट बघत राहिला.

आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा सांडू वाकून दाव्याची गाठ सोडत होता.

"माफी मागायला तोंड नाय मला, राजकुमार साहेब," तो म्हणाला. "काल तुम्हाला हाणलं तवा मला काय बी ठावं नव्हतं." मग कोपऱ्याकडं न बघताच म्हणाला, "तनू, वाच बाई."

तनुजानं घडी उलगडली. "हे आज सकाळी अभय सरांच्या मेलच्या स्पॅममधून काढलंय, मोठे पप्पा. मंगळवार, नऊ वाजून चार मिनिटं. मेल पोचवला नाही. पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या यादीत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला परत. सोमवारच्या यादीत सेफ्टीचा सर्व्हर घालायचाच राहिला."

सांडूनं राजकुमारला काखेत धरून हळूच भिंतीला टेकवून बसवलं, दावं झटकलं, आणि रिकामी खुर्ची पायानं सुदर्शनकडं सरकवली.