धाकटीचं माहेर

मनगटावर मिरचीपूड दाबून मी वरून पदर गुंडाळला. खंड्या माझा कुत्रा, डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून मी वाढवलेला. आज तो धाकट्या जावेच्या हातून दूधभात खात होता. मला ते बघवेना. मी थाळी हिसकली आणि तो मलाच चावला. तिला हे कळू द्यायचं नव्हतं.

आधीच तिचं कौतुक घरात मावत नव्हतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात ती पाच वेळा माहेरी जाऊन आली होती. आई गेल्यावर माझं माहेर संपलं, म्हणून मी जळफळायचे आणि शेजारणींना सांगायचे, "हिचा पाय काही घरात ठरत नाही."

पदरावरचं रक्त तिनंच पाहिलं. मला ओढत नळाखाली नेऊन तिनं मिरची धुतली, मग साबण लावून हात धूतच राहिली. "पंधरा मिनिटं धुवायचं, जाऊबाई. मग दवाखाना. पाच इंजेक्शनं असतात, एकही चुकवायचं नाही."

"तुला गं कसं ठाऊक?"

तिनं साडी थोडी वर केली. पोटरीवर दातांचे जुने व्रण होते.

"खंड्याच चावला होता, मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सांगितलं असतं तर मामंजींनी त्याला मारून टाकलं असतं, आणि तुमचा तर जीव त्याच्यात. म्हणून माहेरच्या दवाखान्यात जात होते."

पाणी वाहत होतं. मला मान वर करवेना.

तिनं नळ बंद केला. "चला, आवरा. आज दोघी माझ्या माहेरी जाऊ."